पायगुण

आमच्याकडे वर्ष दोनदा संपतं.
एकदा सगळ्या जगाबरोबर,
मग तेरा दिवसांनी, जुन्या पंचांगाप्रमाणे,
नुसतं आमचं आमचं.
पहिल्या खेपेचे संकल्प मोडायला
मधले दिवस पुरतात.

आज तेरा जानेवारी. झेस्तापोनीत बर्फ नाही, चिखल आहे.
भट्टी निवत आलीय.
मी, ओतिया, पीठ मळायच्या फळीवर कोपरं टेकून
उधारीची वही चाळतोय.

नाझिब्रोला आजी, अठरा पाव.
आजी एप्रिलात गेली.
तिच्या नावावर काट मारायची राहिली,
म्हणजे आठ महिने मी
मेलेल्या बाईकडे मनातल्या मनात तगादा लावत होतो.
मारली काट. आणि वही उलटी करून
मागच्या पानावर लिहायला घेतलं,
मी कुणाकुणाचं देणं लागतो.

हे जड गेलं.

माझी बहीण झुझुना बारीत,
समुद्रापलीकडच्या एका म्हातारीचं अंग पुसते,
आणि रात्री दोनला मोबाइलवर बोलून ठेवते,
चार मिनिटं, कधी सहा.
मी ते दुप्पट वेगानं ऐकतो.
दुप्पट वेगात माणसाचं रडणं
चिमण्यांच्या भांडणासारखं ऐकू येतं.
उत्तरादाखल अंगठा पाठवतो.
मोजले आज. वर्षभरात एकशे बारा.
अंगठाबहाद्दर म्हणतात तो मीच.

शिकलो काही? शिकलो की.
भट्टीत अर्धं अंग झोकून भिंतीवर कणीक थापताना
श्वास रोखायचा, हे चाळीस वर्षं ठाऊक होतं.
वर आल्यावर तो सोडायचाही असतो
हे यंदा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं,
छातीला नळी लावून, जरा चिडूनच.

आणि शाल्वा.
शेजारचा शाल्वा. फेब्रुवारीपासून अबोला.
त्याच्या अक्रोडाची फांदी माझ्या धुराड्यावर आली होती,
मी न विचारता तोडली
आणि भट्टीत घातली.
त्या दिवसाचा पाव फार चांगला उतरला होता.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

नव्या वर्षी उंबरठा पहिल्यांदा कोण ओलांडतं
त्यावर आमच्यात अख्खं वर्ष जोखतात.
गेल्या खेपेला गोचाला बोलावलं, लॉटरी लागलेला माणूस.
पिठाचा भाव वाढला, माझा दात पडला,
गोचाला मात्र दुसरी लॉटरी लागली.
या खेपेला ठरवलं, आपला पायगुण आपणच व्हायचं.
बाराच्या ठोक्याला काखेत पाव, खिशात साखर,
बाहेर पडलो, दार ओढून घेतलं,
वळलो.
किल्ली आत, वहीवर.

बनियनवर किती वेळ उभा राहणार माणूस?

शाल्वानं काही विचारलं नाही.
तोंडात बॅटरी धरली,
कोठीच्या खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
मी हात जोडले, म्हणजे पायरीसाठी,
आणि त्यानं टाच ठेवली त्यात.
साठीच्या माणसाचं सगळं वजन, थंड, मातीनं भरलेलं,
माझ्या तळहातांवर.
अकरा महिन्यांत एवढ्या जवळून
मी कुणालाच उचललं नव्हतं.

आत काहीतरी सांडलं. शिवी आली.
मग दार उघडलं, आणि माझ्याच घरात
मलाच तो म्हणाला, ये.
पाव मोडला. दोघांनी उभ्याउभ्या खाल्ला.
"अक्रोडाच्या धुराला वेगळा वास असतो," तो म्हणाला,
"मला तेव्हाच कळलं होतं."
आणि चघळत राहिला.

तो गेल्यावर वही पुढे ओढली.
पुढच्या वर्षासाठी म्हणून एवढंच लिहिलं:
झुझुना. साध्या वेगानं. बोलून.
खाली आणखी काही लिहिणार होतो,
पेन्सिलीचं टोक मोडलं.

खिडकीखाली सांडलेल्या पिठात
एक पाऊल उमटलंय.
डावं आहे.
उजवं हवं होतं, असं आई म्हणाली असती.
झाडू कोपऱ्यात आहे,
मी अजून उठलेलो नाही.