आठ मिनिटं

गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठ कोरी होती,
तिच्यावर मी इटली काढली.
बूट काही जमला नाही.
शाल्मली म्हणाली, हा तर पायमोजा,
तोही दोरीवर वाळत घातलेला.
असू दे. त्यात तीन ठिपके:
ओर्व्हिएतो, अरेझ्झो, फेरारा.
सात रात्री, चार माणसं,
आणि बिबवेवाडीतल्या आमच्या टेबलावरचा
पोह्यांच्या तेलाचा एक डाग,
जो नेमका समुद्रात पडला.

विश्राम दिसेल त्याला शंभरने गुणतो.
कॉफी गुणिले शंभर, खोली गुणिले शंभर,
मग पाणी पितो.

आबांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
एकतीस वर्षं दौंडच्या बाजूला स्टेशनमास्तर,
शेवटची नऊ पाटसला.
त्यांनी चर्च विचारलं नाही, चित्रं विचारली नाहीत.
विचारलं, या गावांत आहे काय?
चौक आहे, मी म्हटलं. चौकात कारंजं.
कट्ट्यावर म्हातारी माणसं बसलेली असतात.
म्हणजे केडगाव.
आबा, केडगावात कारंजं नाही.
हौद आहे, आबा म्हणाले,
आणि वेळापत्रकाचा कागद स्वतःकडे ओढला.

बोलोन्याला गाडी बदलायची,
मध्ये आठ मिनिटं.
आठ?
त्यांनी असं विचारलं
जणू सिग्नल पडला नाही आणि गाडी तर दिसायला लागली.
फलाट कोणता? माहीत नाही.
जिन्याला पायऱ्या किती? माहीत नाही.
मग तुला माहीत काय आहे, सूनबाई?
मला माहीत होतं की अरेझ्झोला
खिडकीत तुळशीसारखं काहीतरी लावतात.
हे मी बोलले नाही.

रविवारी सकाळी सव्वासहाला
आम्ही चौघं पुणे स्टेशनवर, चार बॅगा घेऊन.
तिघींत रद्दी.
चौथीत, वजन खरं वाटावं म्हणून,
आबांनी दहा किलो गहू भरलेला.
रेल्वेत हयात गेलेल्या माणसाने
रांगेत उभं राहून चार प्लॅटफॉर्म तिकिटं काढली,
सुटे पैसे मोजून.

एक नंबरवरून पाच नंबर.
आबांनी घड्याळ मनगटावरून काढून मुठीत धरलं.
चला.

जिन्याला चाकं काही उपयोगाची नाहीत
हे पहिल्यांदा कळलं.
दुसऱ्यांदा कळलं की विश्राम
फोन आला की थांबतो.
पुलावर मधोमध गव्हाच्या बॅगेची चेन उसवली,
आणि धान्य पायरी पायरी करत
दौंडच्या गाडीला निघालेल्या लोकांच्या पायांत गेलं.
कबुतरं आली. एक बाई म्हणाली, अरे देवा, मंगलकार्य का?
हमालाने विचारलं, ताई, कुठली गाडी?
शाल्मली म्हणाली, बोलोन्या.
त्याने वर बोर्डाकडे बघितलं, नीट बघितलं.
लेट असणार, म्हणाला. पुढच्या फलाटावर विचारा.

आबांनी खिशातल्या डायरीत लिहिलं:
चौदा मिनिटं (गहू धरून).
मग भेळेच्या कागदात उरलेला मूठभर गहू
त्यांनी परत बॅगेत टाकला.
धान्य टाकून द्यायचं नाही.

रात्री मी गाडी बदलली.
आता बोलोन्याला मध्ये एक तास सहा मिनिटं.
विश्राम म्हणाला, एवढा वेळ तिथं करायचं काय,
स्टेशनवर जेवलो तर गुणिले शंभर.
मला उत्तर सुचेना.
सात दिवसांचा तास न् तास मी भरून ठेवला होता,
हा एकच रिकामा,
आणि त्याच्याकडे बघून
मला का कोण जाणे जरा बरं वाटत होतं.

आबा आतून म्हणाले, तो तास माझ्याकडे द्या.
पाटसला दुपारची पॅसेंजर गेली
की संध्याकाळपर्यंत काही नसायचं.
मला येतं ते.

थोड्या वेळाने पुन्हा त्यांचा आवाज:
तिथलं बाकडं लाकडी असतं की लोखंडी?

इतकं सगळं शोधलं होतं मी,
हे नव्हतं शोधलं.