चार मीटरचा घाट

आमच्या गावातली सर्वांत उंच जागा म्हणजे हा पूल.
पाण्यापासून चार मीटर. तेही कठडा धरून.
बाकी सगळं फ्रिसलंड पोळपाटासारखं,
गाय बसली तरी क्षितिजाला टेंगूळ येतं.

आणि माझ्या यिल्डाऊला
किर्गिझस्तानात सायकल चालवायची आहे.
अठराशे किलोमीटर, कुणाच्या मदतीशिवाय,
खिंडी अशा की ढग पायांखालून जातात, म्हणते.
म्हणते म्हणजे वाचलंय. पाहिलं तिनंही नाही.

मार्चपासून रोज पहाटे ती पुलावर येते.
चढते, उतरते, वळते, चढते.
मी पूलवाल्याच्या केबिनमध्ये कॉफी ओततो
आणि करडे वाटाणे मोजतो,
दर चढाला एक दाणा, बरणीतून वाटीत.
साडेसातशे दाणे म्हणजे एक खिंड.
पहिल्या दिवशी चाळिसाव्या दाण्याला तिच्या पोटऱ्या बोलू लागल्या.
परवा बरणी रिकामी झाली,
वरच्या फेऱ्या मी खिशातल्या चिल्लरीवर धरल्या.

मध्येच बोट येते. भोंगा होतो.
मुलगी असो की महापौर, फाटक पडतं.
ती घामाघूम, एक पाय जमिनीवर,
आणि तिचा घाट तिच्या डोळ्यांसमोर
अख्खाच्या अख्खा उभा राहतो आकाशात.
मी गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट खाली सोडतो,
नावाडी त्यात नाणी टाकतो, टोपी हलवतो.
"हाइत," ती बापाला हाक मारते,
"तिकडे फाटक पाडणारं कुणी नसेल."
"मग थांबशील कधी?"
पूल खाली येतो. उत्तर तेवढं राहून जातं.

शेजारचा हेस्सेल म्हणाला, आपला डोंगर म्हणजे वारा,
समुद्राच्या बांधावर जा.
गेली. वीस किलोमीटर वारा तोंडावर,
मेंढ्या रस्त्यात बसलेल्या, उठायला तयार नाहीत.
येताना तोच वारा पाठीशी.
पेडल न मारता घरी पोचली
आणि रागावून बसली:
डोंगर असा शब्द फिरवत नाही.

रात्री स्वयंपाकघरात चीज तोलायचा काटा.
टूथब्रशचा दांडा करवतीनं अर्धा केला, सहा ग्रॅम सुटले.
मोज्यांचा तिसरा जोड बाद.
चेनचे दुवे, ठिगळं, सुईदोरा, तारेचा तुकडा.
तंबू नाही, एक पिशवी, माणूस मावेल एवढी.
ती टेबलावर पसरली तेव्हा मी काही बोललो नाही.
बायको उठून अंगणात गेली, वाळत घातलेलं काही नव्हतं तरी.
नकाशाचे पांढरे समास कापून टाकले.
काट्याला फरक कळला नाही.
मला कळतो, म्हणाली.

फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटल्यात.
सू, पाणी. नान, रोटी. रखमत, आभार.
बायको म्हणाली, कुत्र्याला काय म्हणतात तेही लिही.
लिहिलं: इत.
"आणि 'दमले' कसं म्हणायचं?"
"ते सांगावं लागत नाही, मेम."
तरी बायकोनं एक कोरी चिठ्ठी चिकटवून ठेवली.

काल रात्री आम्ही ती खिंड शिजवली.
साडेसातशे दाणे रात्रभर भिजवलेले,
कांदा, खारवलेलं डुकराचं मांस, वर मोहरीचा गोळा.
यिल्डाऊनं तीनदा वाढून घेतलं.
पोटातलं वजन काट्यावर धरत नाहीत, म्हणाली.
तळाशी थोडी उरली. हेस्सेलच्या घरी दिली.

उद्या सकाळी सहाला तिला पूल ओलांडायचाय,
पलीकडे स्टेशन.
सहालाच वाळूची मालबोट आहे,
काल वायरलेसवर तिनं वर्दी दिलीय.
एकतीस वर्षांत मी एकाही बोटीला ताटकळवलं नाही.
केबिनमध्ये बसलोय. वाटी रिकामी, बरणी रिकामी.
फाटकाच्या बिजागरीला तेल घातलं.
मग उगाच पुसून काढलं.