आवक-जावक

मार्चमध्ये गॅरेट लंडीनचं पत्र आलं,
तांब्याच्या खाणीच्या वतीने:
नदीतल्या आर्सेनिकची मर्यादा जरा सैल करावी.
आवकचा शिक्का मीच मारला, थोडा तिरपा.

नोव्हेंबरात लंडीनसाहेब
हेलेनातल्या आमच्याच कचेरीत, वरच्या मजल्यावर.
पहिल्या दिवशीच लिहून दिलं:
खाणीच्या फायलीला हात लावणार नाही.
शब्दाला जागले.
फाईल समोरून गेली तेव्हा
दोन्ही हात खिशात;
फक्त खाकरले.

आज मंजुरी जावक करतेय.
मजकूर मार्चचाच,
स्वल्पविरामसुद्धा त्याच चुकीच्या जागी.

माझी बहीण राहते
नदीच्या खालच्या अंगाला.
संध्याकाळी तिला फोन लावला,
बर्फ किती पडला, विचारलं.
ती म्हणाली, थांब हं,
किटलीची शिटी वाजतेय.
मी थांबले.