वजनकाटा

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे ट्रक तोलले.
आधी भरलेला, मग रिकामा,
वजाबाकी करून उरतो तो गहू.
किंबाच्या सायलोखाली पत्र्याचं खोपटं,
डावीकडे वळला की कुरकुरणारा पंखा,
आणि कापणीच्या दिवसांत रात्री दहापर्यंत हेडलाइटांची रांग.
काही बहाद्दर भरल्या ट्रकात बायकोला बसवून आणायचे
आणि रिकाम्या ट्रकातून उतरवायचे.
साठ-सत्तर किलो बायको गव्हाच्या भावाने विकली जायची.
मला दिसायचं. काचेमागून हात हलवायचो.
गाव लहान आहे, तोलूनमापूनच बोलावं लागतं.

आता माझी गाडी काट्यावर.
नवी. इतकी नवी
की पायाखालचा कागद रेलीन अजून काढू देत नाही.
पट्टा नाही लावला की किणकिणते, रेघ ओलांडली की किणकिणते,
परवा नुसता शिंकलो तरी किणकिणली.
अर्धी पेन्शन तिच्यात गेली.
कॅरव्हॅन मात्र जुनीच, सेडुनाच्या एका विधवेकडून घेतलेली.
कपाटाच्या दाराआड त्या दोघांचा नकाशा,
लाल रेघ नलारबॉर ओलांडून, किनाऱ्याकिनाऱ्याने वर वर जाते
आणि ब्रूमच्या अलीकडे थांबते.
का, ते आम्ही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.
रेलीन म्हणाली, पुसू नकोस,
आपण निळं पेन घेऊ.

वहीत सगळं लिहिलंय. मे महिन्यात निघायचं.
कुठे पाणी, कुठे डिझेल,
कुठल्या तळावर कुत्रा चालतो (कुत्रा मेला मार्चमध्ये,
ते पान तसंच आहे).
ऑक्टोबरात कापणीला परत, असं मी लिहिलं होतं.
त्याच्यापुढे रेलीनच्या अक्षरात एक प्रश्नचिन्ह.

काट्यावर आता टेगन बसते. बारीकशी, नाकात मोती.
माझ्या खुर्चीची उंची तिने बदललीय.
"मिस्टर नॉस्के, सगळं धरून मर्यादा किती?"
पाच हजार सातशे पन्नास.
"पाच हजार आठशे वीस."
दोनदा बघायला सांगितलं. ती हसली नाही. मीही कधी हसायचो नाही.

सत्तर किलो जास्त.
रेलीनने दार उघडलं, पर्स घेतली, खाली उतरली,
काट्याबाहेर डांबरावर उभी राहिली.
"आता बघ."
पाच हजार सातशे साठ.
बेचाळीस वर्षं हा आकडा तिने मला सांगितला नव्हता.
आणि इथे लाल दिव्यांत, अख्ख्या रस्त्याला दिसेल असा.
"अजून दहा जास्तच," ती म्हणाली,
"म्हणजे मला सोडून गेलास तरी दंड भरशील."

मला ते सगळे ट्रक आठवले.
खोपट्याच्या कडेला उन्हात उभ्या त्या बायका,
कडेवर पोर, डोळ्यांवर आडवा हात,
नवऱ्याची पावती होईपर्यंत.
मी त्यांच्याकडे वजाबाकी म्हणूनच बघितलं होतं.

पाणी सांडायचं नाही, ते तर ठरलेलंच.
तिच्या जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या मी नजरेने तोलल्या.
तिने माझी नजर तोलली.
मग मागचं दार उघडून मी माझी हत्यारांची पेटी ओढली.
पाने, जॅक, साखळ्या, दोन हातोडे,
एका पंपाचे सुटे भाग; तो पंप आम्ही सत्याण्णव साली विकला.
लागलंच तर असावं, म्हणून.
लागलंच तर, या दोन शब्दांचं वजन
ऐंशी किलो.
टेगनने आणि मी मिळून ती खोपट्यात ठेवली, पंख्याखाली.
पंखा बदललाय. कुरकुरत नाही.

रेलीन आत बसली. पट्टा लावायच्या आधी गाडी किणकिणली.
पाच हजार सातशे चाळीस.
पावती आली, मी खिशातलं पेन काढलं
आणि तोलणाऱ्याच्या रकान्यात सही केली.
टेगन काही बोलेना.
"खाली," रेलीन खिडकीतून वाकून म्हणाली.
"ड्रायव्हर खाली करतो सही."