घडीची रेघ

ऑल्विनला शटर रंगवून हवं होतं.
कॅम्पात, चर्चच्या अलीकडं,
कॅसेटी भरून देणारं दुकान त्याचं.
काऊंटरखालून त्यानं तबकडीचं पाकीट काढलं,
आत्यानं लंडनहून धाडलेलं:
चौघं पोरं, कोट-टाय घालून,
गुडघाभर समुद्रात टेबल मांडून बसलेली,
एकाचंही दुसऱ्याकडं लक्ष नाही.
'तिकडं नऊ आठवडे पहिला नंबर,'
असं म्हणाला, जसा नंबर त्याचाच आलेला.

मोनाप्पा पेंटरनं पाकीट उलटसुलट केलं.
'आणि जेवाण कुठं हाय ह्यांचं?'
खरंच की, ताटं रिकामी होती.

मी नववी नापास, डबे धरायला.

समुद्र त्याला जमेना. बघितलाच नव्हता कधी.
शेवटी राकसकोपच्या धरणाचं पाणी घातलं,
हिरवट, कडेला थोडं लव्हाळं.
इंग्रजी येत नव्हतं,
ती अक्षरं त्यानं पाखरांसारखी काढली,
एकेक शेपूट बघून बघून.
आणि पाकिटाला पडलेली घडी,
चौथ्या पोराच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत
एक पांढरी रेघ,
तीपण काढली, बारीक ब्रशनं, श्वास धरून.

'अरे ती घडी आहे, चित्रातली नव्हे!'
'तू दिलास त्यात हाय की ती.'

दिवाळीच्या तोंडावर एका रात्री
खडेबाजारातल्या मराठी पाट्यांना काळं फासलं.
दोन दिवसांनी वडगावात कन्नड पाट्यांना.
दोन्ही मोनाप्पानंच लिहिलेल्या.
दोन्ही परत लिहायला गेला, शिडी खांद्यावर,
दर एकच,
फक्त कुणाशी काही बोलेना.
ऑल्विनच्या शटरला कुणी बोट लावलं नाही.
इंग्रजीवर कुणाचाच राग नव्हता.
चौघं तशीच बसलेली, राकसकोपच्या पाण्यात,
उपाशी.

त्या तबकडीतलं एकही गाणं
मी आजवर ऐकलेलं नाही.
मोनाप्पा गेला. ऑल्विन मडगावला गेला.
शटरच्या जागी आता काच आहे,
आत मोबाईलची कव्हरं टांगलेली.

परवा पुतण्यानं फोनवर शोधून दाखवलं,
'हेच काय हो काका?'
टेबल तेच. कोट तेच.
पाणी मात्र निळं, भलतंच निळं,
आणि चौथ्याचा चेहरा अख्खा, गुळगुळीत.

मी म्हटलं, नव्हे रे,
हा दुसराच कोण तरी बसवलाय.