रीडिंग

मुहर्रकमध्ये एकतीस वर्षं मी विजेचे मीटर वाचले.
घरं वाचली म्हटलं तरी चालेल.

मी आलो तेव्हा झावळ्यांची घरं संपली होती.
उम्म घानिम सांगायच्या, चहा ओतता ओतता,
त्या लग्न होऊन आल्या त्या अरीशमध्ये :
खजुराच्या झावळ्या, वारा आरपार,
आणि एका चुलीची ठिणगी उडाली की अख्खी आळी राख.
मी म्हटलं, आमच्या गुहागरला झाप असतो, माडाचा.
हसल्या. मग तू घरचाच.

नंतरचं त्यांचं घर दगडी, समुद्रातून काढलेल्या प्रवाळाचं.
दमट महिन्यांत भिंतींना मीठ फुटायचं.
खोल्या सगळ्या अरुंद, एका मापाच्या.
का, तर छताचे वासे आफ्रिकेहून गलबतानं यायचे,
खारफुटीचे, दहाएक फुटांचे.
वासा जेवढा लांब, तेवढा संसार रुंद.
मोत्याच्या व्यापाऱ्याचाही.
हे मी डायरीत लिहून ठेवलं, ग्राहक क्रमांकाखाली.

मग एसी आला.
वाऱ्यासाठी ठेवलेले झरोके सिमेंटनं बुजवले.
जुलैचा आकडा दुप्पट, मग चौपट.

घानिमचं नाव सरकारी यादीत सोळा वर्षांनी लागलं,
नव्या वसाहतीत, अंगणासकट.
उम्म घानिम गाडीत बसल्या
आणि उतरून पुन्हा आत गेल्या.
नळ बंद केला का पाहते, म्हणाल्या.
बराच वेळ लागला त्या नळाला.

दोन महिन्यांनी तेच दार, तोच मीटर,
आत बावीस माणसं.
वासे तेच, मधे प्लायवूड.
आता खोली किती रुंद?
माणूस आडवा होतो तेवढी.
रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला पडणार,
गादी गार व्हायची सवड नाही.
त्यात एक चिपळूणकडचा निघाला, विद्याधर कासेकर.
चादरीचा पडदा सारून म्हणाला, बसा, आमचा बंगला.
उशाशी खरंच नकाशा चिकटवलेला,
गावी बांधतोय त्या घराचा. स्लॅब पडलाय, खिडक्या राहिल्यात.
तीन खोल्या. प्रत्येकीला दोन खिडक्या.
बोट फिरवून फिरवून कागद तिथं पांढरा झालेला.

त्याच साली शिरगणतीवाला आला.
भिंती : दगड. छत : लाकूड.
‘कुटुंबसंख्या’पाशी त्याचं पेन थांबलं.
बावीस लिहू की शून्य?
त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मीटरकडे.

आता तिथं अकरा मजले आहेत.
मीटर स्वतःच आकडा पाठवतो,
दार कुणी वाजवत नाही.

घर पाडलं त्या दिवशी मी एक वासा मागून घेतला.
मुकादम म्हणाला, ने, जळणच आहे.
विमानात तो घेणार नाहीत, ठाऊक आहे.
माझ्या खोलीत उभा राहत नाही, आडवा मावत नाही,
म्हणून तिरका, एका कोपऱ्यातून दुसऱ्यात.
रात्री पाण्याला उठलो
की वाकून जातो.