तिसाव्या किलोमीटरला

तेवीस संपलं किमैयोला.
या वयात इतेनमधल्या काही पोरांची
दगडी घरं उभी राहिलेली असतात.
त्याच्या घराचे चार खुंट
बापानं गाय विकली त्याच दिवशी ठोकले.
अजून खुंटच आहेत.
एकाला शेजारची शेळी बांधतात.

आईनं दुधाचा भोपळा घासून ठेवलाय,
जिंकून येणाऱ्याच्या ओठांना लावायचा.
दर महिन्याला घासते.
फोनवर म्हणते, काही नाही रे, सहज केला.
हा 'सहज' त्याला चढणीसारखा लागतो.

आज हॅम्बुर्गात नेमून दिलेलं काम:
दुसऱ्यांसाठी वारा अंगावर घ्यायचा,
घड्याळ म्हणेल तसं पळायचं
आणि तिसाव्या किलोमीटरला
बाजूला व्हायचं.

झाला.
मागचे पाचजण पुढे गेले,
त्यांच्या श्वासांचा आवाजही गेला.
पाय अजून मागत होते.
त्यांना म्हणाला, पुरे.

कुणा अनोळखी बाईनं कांबळं दिलं,
कागदी पेल्यात सूप. कोबीचं बहुतेक.
फुटपाथवर बसून त्यानं ते संपवलं,
किती वेळात, ते न बघता.

मग फोन. "कितवा आलास?"
"आलोच नाही.
भोपळा घासलेला आहे ना?
दूध भरून ठेव. शेळीचंही चालेल.
येतोय मी."